जुना लसूणघास मोडून मका घेताना

तीन-चार वर्षांचा लसूणघास ठेवायचा की मोडायचा, हे कापणीच्या वजनावर ठरवू नका. खत-पाणी वाढवलं की विरळ प्लॉटही एखादी कापणी बरी देतो आणि मोडायचं काम हंगामभर पुढं ढकललं जातं. बघायचं ते जमिनीत. चार-पाच ठिकाणी फूट बाय फूट चौकोन आखा आणि आतले जिवंत गड्डे, म्हणजे मुळाच्या माथ्यावरचे फुटवे देणारे जाड भाग, मोजा. चौकोनात दोन-तीनच निघाले आणि मधल्या जागेत हरळी शिरली असेल, तर प्लॉट संपला. शंका असली तर पाच-सहा गड्डे मुळासकट काढून सोटमूळ विळ्याने उभं चिरा. आतून पांढरं नि घट्ट असलं तर जीव आहे, तपकिरी नि पोकळ असलं तर पुढच्या उन्हाळ्यात ते मरणारच.

मोकळ्या जागी घासाचंच बी टाकून प्लॉट भरून काढायच्या नादाला लागू नका. जुन्या घासातून जमिनीत उतरणारी द्रव्यं घासाच्याच कोवळ्या मुळांना वाढू देत नाहीत. बी उगवतं, पण मूळ खुंटतं आणि रोप कायम खुजं राहतं. मक्याला ही अडचण येत नाही. घासावर जगणारी परजीवी अमरवेलही मक्यावर पोसली जात नाही. म्हणून जुन्या घासामागे मका हा फेरपालट चांगलाच आहे, फक्त घास खरोखर मेलेला हवा.

नवे लोक फसतात ते इथेच. शेवटची कापणी झाली की रोटाव्हेटर बोलावतात, दोन पाळ्या मारतात, रान भुसभुशीत दिसतं आणि लगेच मका पेरतात. पंधरा-वीस दिवसांत मक्याच्या ओळींत घासाचे हिरवे झुबके उभे राहतात. घासाचे फुटवे येणारे डोळे गड्ड्यावर असतात आणि जुन्या झाडाचा गड्डा जमिनीच्या पातळीपासून दोन-तीन इंच खालपर्यंत गेलेला असतो. तीन वर्षं नांगर न लागलेल्या, भारे वाहून दबलेल्या रानात रोटाव्हेटरची पाती नेमकी तेवढीच आत जातात. गड्ड्याचा वरचा भाग तुटतो, खालचा मुळाला धरून तसाच राहतो. त्या मुळात साठवलेलं अन्न असतं आणि ते खोलवरून पाणी ओढतं. मक्याच्या रोपाला पहिला महिनाभर स्पर्धा अजिबात सोसत नाही आणि त्या महिन्यात मागे पडलेला मका पुढं कितीही खत घातलं तरी भरून येत नाही. रोटाव्हेटरवाला सांगेल की अजून एक पाळी मारू. ऐकू नका. त्या पाळीनेही गड्डा सुटत नाही, डिझेल मात्र जातं.

उपाय जुनाच आहे. गड्ड्याच्या खालून मूळ तोडायचं आणि गड्डा उन्हात वाळवायचा. गड्डा सुटला की खाली राहिलेलं नुसतं सोटमूळ सहसा फुटत नाही, ते जागेवर कुजून खत होतं. मार्चअखेर शेवटची कापणी घ्या. रान कडक झालं असेल तर एक हलकं पाणी द्या, वाफसा येऊ द्या आणि पलटी नांगराने आठ-दहा इंच खोल नांगरट करा. नांगराचा तास पूर्ण उलटा पडला पाहिजे, मुळं आभाळाकडे आली पाहिजेत. नांगरामागे चालत जा. एक गड्डा हातात घेऊन बघा: खाली बोटभर जाड मूळ स्वच्छ कापलेलं दिसलं तर खोली बरोबर आहे, गड्डा अर्धा चिरलेला दिसला तर फाळ वर चाललाय. एप्रिल-मे ढेकळं तशीच तापू द्या. मेअखेर वखराच्या दोन पाळ्या द्या आणि वर आलेले गड्डे व हरळीच्या काशा वेचून बांधाबाहेर काढा. रोटाव्हेटर लागलाच तर आता, पेरणीआधी ढेकळं फोडायला.

पावसाळ्यात किंवा सप्टेंबरात मोडणं टाळा. ओल्या मातीत पडलेला गड्डा मरत नाही, तिथेच रुजतो. ग्लायफोसेट या तणनाशकाचा सल्लाही घेऊ नका. मक्यासाठी त्याची शिफारस नाही आणि २०२२ मध्ये केंद्राने त्याच्या वापरावर निर्बंध आणले आहेत. एवढं करूनही थोडे गड्डे फुटतीलच, त्याने घाबरून जाऊ नका. वीस दिवसांच्या आत खुरपं दोन-तीन इंच खाली घालून ते काढा, वरवर छाटू नका. शेजारी कापूस, द्राक्ष किंवा भाजीपाला असेल तर या फुटव्यांसाठी २,४-डी हे तणनाशक हातात धरू नका. नुसत्या वाऱ्याने गेलेल्या थेंबांनीही ती पिकं वाकडी होतात.

खताचा हिशेब नीट समजून घ्या. घासामागे रान कसदार असतं, ही अर्धीच गोष्ट. घास नत्र मागे ठेवतो, पण पालाश प्रचंड उचलतो: एक टन वाळलेल्या चाऱ्यामागे वीस-पंचवीस किलो. तीन वर्षं चारा गोठ्यात गेला आणि शेणखत दुसऱ्या रानात पडलं, तर हा साठा उतरलेलाच असणार. काळ्या रानात फरक लवकर दिसत नाही, हलक्या मुरमाड रानात दिसतो. दुकानदाराला विचारण्याआधी माती तपासा.

नत्राचं मात्र उलट. अमेरिकेतल्या मका पट्ट्यात दाट घास मोडून घेतलेल्या पहिल्या मक्याला बऱ्याचदा वरून नत्र लागतच नाही. आपला प्लॉट मोडतानाच विरळ झालेला असतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका, पण पूर्ण मात्राही टाकू नका. संकरित मक्याला हेक्टरी १२०:६०:४० धरतात, म्हणजे एकरी साधारण ४८ किलो नत्र, २४ स्फुरद, १६ पालाश. पेरताना डीएपीची एक ५० किलोची गोणी दिली की ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद जातं. सोबत पालाशसाठी २५ किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणि १० किलो झिंक सल्फेट, पण झिंक डीएपीत मिसळू नका, वेगळं द्या. राहिलेल्या नत्राला एरवी ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या युरिया लागतो. इथे तिसाव्या दिवशी एकच द्या. दुसरी हातात ठेवा आणि गुडघ्याच्या वर गेलेल्या मक्याची खालची पानं बघा. शेंड्याकडून मधल्या शिरेने पिवळी पडत आली तरच ती टाका. पहिल्या तीन आठवड्यांत थोडा फिकेपणा दिसला तर धीर धरा, मुळं कुजून नत्र सुटायला वेळ लागतो.

मुरघासाला (खड्ड्यात दाबून आंबवलेल्या चाऱ्याला) संकरित बी एकरी आठ किलो, ओळींत दोन-अडीच फूट आणि रोपांत वीस सेंटीमीटर. हिरव्या चाऱ्याला आफ्रिकन टॉल एकरी तीस किलो, फूटभर अंतराच्या ओळीत. बी दीड-दोन इंच खोल. पेरणीआधी चार-पाच ठिकाणी फूटभर खड्डा घेऊन मुळं खाणारी हुमणी अळी आहे का बघा, कारण बरीच वर्षं न नांगरलेल्या रानात ती असू शकते. लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात आली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. आता ती येणारच असं धरून दुसऱ्या आठवड्यापासून पोंगे (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं) उघडून बघा. चाऱ्याच्या मक्यावर सुरुवातीलाच १५०० पीपीएम निंबोळी अर्क लिटरला पाच मिली, थेट पोंग्यात जाईल असा फवारा. तीव्र कीटकनाशक आणि गाईची दावण यांत लेबलवर दिलेलं दिवसांचं अंतर पाळता येत नसेल तर ते फवारू नका.

शेवटची धोक्याची जागा नायट्रेटची. घासाचं नत्र, वरून पूर्ण युरिया आणि त्यात पावसाचा खंड पडला तर मक्याच्या ताटात नायट्रेट साठतं, सर्वांत जास्त खालच्या फूटभर भागात. असा हिरवा चारा उपाशी गाईसमोर भरपूर टाकला तर ती दगावू शकते. ताण पडलेला मका खंडानंतरच्या पहिल्या पावसावर लगेच कापू नका, चार-पाच दिवस जाऊ द्या. फूटभर उंचीवरून कापा आणि आधी कडबा खाऊ घाला. मुरघास केला तर नायट्रेट बरंच उतरतं, पण खड्डा भरल्यावर पहिले दोन-तीन आठवडे त्यातून विषारी, पिवळसर तपकिरी वायू निघू शकतो. त्या काळात खड्ड्यात उतरू नका, पोरांना जवळ फिरकू देऊ नका.