रीफ टाकीत ओझोन: आधी कार्बन, मग यंत्र

रीफ टाकीच्या, म्हणजे समुद्री मासे-प्रवाळांच्या मत्स्यालयाच्या, एका टोकाला पांढरा कागद चिकटवा आणि दुसऱ्या टोकाकडून, लांबीच्या बाजूने पाहा. कागद पिवळसर दिसला तर पाण्यात सेंद्रिय द्रव्यं साचली आहेत. आधी ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घालून बघा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. तरी पिवळेपणा हटला नाही, तर पाण्यात ओझोन वायू सोडायचा. नायट्रेट-फॉस्फेट कमी करायला किंवा माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी तो घेत असाल, तर पैसे वाया जातील.

ओझोन बनवणारं यंत्र मुद्दाम लहान घ्या. लिटरमागे तासाला ०.१ मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे ४०० लिटरच्या टाकीला तासाला ४० मिलिग्रॅम. 'मोठं घेऊ, कंट्रोलर आहेच की' हा हिशेब धोक्याचा. कंट्रोलर ओआरपी प्रोबच्या आकड्यावर (पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद, मिलिव्होल्टमध्ये) यंत्र चालू-बंद करतो. प्रोबवर शेवाळाचा थर बसला किंवा प्रोब पाण्याबाहेर राहिला, तर आकडा चुकतो आणि यंत्र रात्रभर सुरू राहू शकतं. तशी वेळ आली तरी प्रवाळ तगले पाहिजेत, एवढीच ताकद यंत्रात असावी.

आता जोडणी. हवेचा पंप, मग सिलिका जेलचा ड्रायर, मग यंत्र, मग चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप), शेवटी स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणारं उपकरण) किंवा ओझोन रिॲक्टर (ओझोन पाण्यात मिसळायचं भांडं). दमट हवेत ओझोन कमी बनतो आणि वर नायट्रिक आम्ल तयार होतं, म्हणून जेलच्या मण्यांचा रंग बदलला की ते वाळवायचे. नळी सिलिकॉनची हवी, रबर तडकतं. यंत्र पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं आत शिरेल. स्किमर ओझोन सोसणारा आहे का, हे त्याच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

कार्बनवर मात्र काटकसर नको. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. ओझोन त्याच्याशी संयोग पावून हायपोब्रोमाइटसारखी द्रव्यं बनवतो. ती ओझोनपेक्षा जास्त वेळ टिकतात आणि मासे-प्रवाळांना घातक असतात. म्हणून स्किमरमधून निघणारं सगळं पाणी कार्बनमधून गेलं पाहिजे. कार्बनची पिशवी सम्पमध्ये (गाळणीच्या जोडटाकीत) नुसती पडून असेल तर पाणी तिच्या कडेने निघून जातं. कार्बननंतरच्या पाण्याचा नमुना एकूण क्लोरिन तपासायच्या डीपीडी किटमध्ये घ्या. गुलाबी छटा दिसली, म्हणजे ही द्रव्यं अजून उरली आहेत, की ओझोन बंद, कार्बन नवा. स्किमरच्या झाकणातून सुटणाऱ्या हवेलाही कार्बन लावा.

सुरू करताना प्रोब कॅलिब्रेट करा. तो सम्पमध्ये, ओझोन मिसळतो त्या जागेपासून लांब ठेवा. कंट्रोलर ३५० मिलिव्होल्टला लावा आणि पहिले काही दिवस यंत्र पाव क्षमतेवर चालवा. ४०० च्या वर नेण्यात काही मिळवायचं नसतं. खाणं टाकल्यावर किंवा टाकीत हात घातल्यावर आकडा खाली येतो. तेवढ्यासाठी मात्रा वाढवू नका, तो आपोआप वर येतो. पाणी नितळ झालं की प्रवाळांपर्यंत एकदम जास्त उजेड पोचतो आणि ते पांढरे पडू शकतात. पहिले दोन आठवडे दिवे थोडे मंद ठेवा.

खोलीत झेरॉक्स यंत्रापाशी येतो तसा उग्र वास आला, तर यंत्र बंद करून खिडक्या उघडा, मग गळती शोधा. आठ तासांच्या कामासाठी धरलेली मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग इतकीच आहे. नाक त्याहून कमी ओझोन ओळखतं, पण थोड्या वेळाने त्याला सरावतं. म्हणून बाहेरून घरात आलेल्या माणसाला विचारा.