अंधारी जागा शोधताना आधी दिशा ठरवा

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायला 'शहरापासून १०० किलोमीटर लांब जा' हा सल्ला देणाऱ्याचं बाकीचं बोलणंही जरा तपासूनच घ्यावं. कुठल्या शहरापासून, आणि कुठल्या दिशेला? याचं उत्तर नसेल तर ते १०० किलोमीटर म्हणजे नुसतं पेट्रोल.

ट्रायपॉड, बॅटऱ्या, ढगांचा अंदाज, अमावास्येच्या आसपासची रात्र हे सगळं जमलेलं आहे असं धरतो.

जागेच्या आधी विषय ठरवा. आकाशगंगेचा केंद्रभाग टिपायचा असेल तर तो धनू राशीत, खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेच्या) सुमारे २९ अंश दक्षिणेला आहे. २० अंश उत्तर अक्षांशावरून तो फार तर ४१ अंश वर चढतो, तोही दक्षिणेला. देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका मात्र त्याच ठिकाणाहून जवळजवळ ७० अंशांवर जाते. एकाच जागेवर पहिला फोटो मातीमोल आणि दुसरा झकास येऊ शकतो, तो यामुळेच: विषय जितका खाली, तितका त्या दिशेच्या गावा-शहरांचा उजेड आड येतो.

आता नकाशा. बहुतेक जण इथेच फसतात आणि मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच. प्रकाश प्रदूषणाच्या नकाशावर लोक हिरवा किंवा निळा ठिपका शोधतात, बॉर्टल ४ की ३ एवढंच बघतात आणि निघतात. बॉर्टल श्रेणी म्हणजे जॉन बॉर्टल यांनी २००१ साली मांडलेली १ ते ९ अशी पायरी. १ म्हणजे सर्वांत काळोखं आकाश. पण कृत्रिम उजेडाच्या जागतिक नकाशातला रंग हा बरोब्बर डोक्यावरच्या आकाशाचा हिशेब असतो. तुम्ही कॅमेरा रोखणार ३०-४० अंशांवर, आणि तिथे कुणाचा उजेड चढलाय हे तुमच्या पायाखालचा रंग सांगत नाही.

म्हणून ठिपक्यावरून विषयाच्या दिशेने एक रेघ ओढा आणि तिच्यावर कोणकोणती गावं-शहरं येतात ते बघा. कोणाचा त्रास किती, याचा ढोबळ अंदाज खगोलशास्त्रज्ञ वॉकर यांच्या नियमाने येतो: शहराचा उजेड लोकसंख्येच्या प्रमाणात वाढतो आणि अंतराच्या अडीचाव्या घाताने घटतो. अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण साडेपाचपटीने कमी. याच हिशेबाने १० किलोमीटरवरचं ५० हजार वस्तीचं गाव आणि ६३ किलोमीटरवरचं ५० लाखांचं महानगर सारखाच त्रास देतात. महानगर चुकवायचं म्हणून लोक लांब जातात आणि नेमके तालुक्याच्या गावाच्या उत्तरेला, त्याच्याकडे तोंड करून ट्रायपॉड मांडतात! केंद्रभागासाठी मोठं शहर तुमच्या पाठीशी, म्हणजे उत्तरेला हवं. दक्षिणेला समुद्र, जंगल किंवा ओसाड पठार मिळालं तर बॉर्टल ४ सुद्धा मी आनंदाने घेईन; दक्षिणेला शहर असलेलं बॉर्टल ३ नको.

आणखी एक खाच. अशा नकाशांवर उपग्रहाने टिपलेल्या दिव्यांचा थर वेगळा असतो, आणि तो टिपणाऱ्या उपकरणाला पांढऱ्या एलईडीतला निळा प्रकाश जवळपास दिसतच नाही. जुने पिवळे दिवे जाऊन एलईडी आलेलं गाव तिथे 'सुधारलेलं' दिसेल. विश्वास ठेवू नका.

खात्री जागेवरच होते. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यावर चारही दिशांना, कॅमेरा सारख्याच उंचीवर रोखून, एकाच सेटिंगवर एकेक फोटो घ्या: आयएसओ १६००, एफ/२.८, २० सेकंद, व्हाइट बॅलन्स पक्का. मग त्यांचे हिस्टोग्राम (फोटोतला उजेड दाखवणारे आलेख, डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड) शेजारी ठेवून बघा. ज्या दिशेचा डोंगर सगळ्यात उजवीकडे सरकलाय, तिकडे शहराच्या उजेडाचा घुमट आहे, मग डोळ्यांना काहीही वाटो. त्या दिवशी तुरळक ढग असतील तर त्यांच्याकडेही बघा: खऱ्या काळोख्या जागी ढग आकाशापेक्षा काळे दिसतात, उजेडाच्या जागी पांढुरके.

बाकीचं सोपं. जागा दिवसा बघून या, मालकाची किंवा वनखात्याची परवानगी घ्या. ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं उपकरण) वापरत असाल तर त्याची दिशा जुळवायला लागणारा ध्रुवतारा झाडाआड जाणार नाही ना, ते पाहा; तो तुमच्या अक्षांशाइतकाच वर असतो. दरीच्या तळाला बसू नका, धुकं आणि दव तिथेच साचतं. वळणाच्या रस्त्यालगत तर मुळीच नको, गाडीचा एक हेडलाइट अख्खा एक्स्पोजर खातो. आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, अशा ठिकाणी नेटवर्क क्वचितच असतं.