कमी कार्बनचा महाविद्यालय परिसर: आराखड्यातच शेजाऱ्यांचा वाटा

महाविद्यालयाच्या इमारती संध्याकाळनंतर आणि दीर्घ सुट्ट्यांत बहुतेक रिकाम्या असतात. पण त्या बांधताना वापरलेल्या सिमेंट, पोलाद आणि काचेपायी झालेले उत्सर्जन इमारत वापरात असो वा नसो, हवेत गेलेलेच असते. म्हणून कमी कार्बनचा परिसर उभारू पाहणाऱ्या संस्थेने सौर पॅनेल किती बसवायचे या प्रश्नाने सुरुवात करू नये. आपल्याकडे असलेले ग्रंथालय, मैदान, सभागृह आणि कार्यशाळा परिसराबाहेरच्या कोणाच्या उपयोगी पडतील, हे आधी पाहावे. गावाला सभागृह हवे असेल आणि महाविद्यालयाचे सभागृह आठवड्यातून पाच संध्याकाळी बंद राहत असेल, तर दुसरे न बांधणे हाच दोघांच्या दृष्टीने सर्वांत कमी कार्बनचा पर्याय होय.

त्यानंतर मोजणी करावी. हरितवायूंच्या हिशेबासाठी जगभर वापरली जाणारी पद्धत उत्सर्जनाचे तीन गट करते: संस्थेने स्वतः जाळलेले इंधन व स्वतःच्या यंत्रांतून झालेली वायुगळती, विकत घेतलेली वीज, आणि प्रवास, खरेदी, बांधकाम व कचरा यांसारखे उरलेले सर्व काही. बहुतेक अहवाल दुसऱ्या गटापाशीच थांबतात, कारण विजेची बिले हाताशी असतात. पण तिसरा गट वगळलेला हिशेब दिशाभूल करतो. पहिल्या गटातही एक बाब हमखास सुटते, ती म्हणजे वातानुकूलन यंत्रांतील शीतक वायू. आर-४१०ए या शीतकाची शंभर वर्षांच्या कालावधीतील तापनक्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट धरली जाते. म्हणजे एक किलो गळतीची हानी साधारण पावणेआठशे लिटर डिझेल जाळण्याइतकी होते. तेव्हा दुरुस्तीच्या वेळी किती शीतक भरले, याची नोंद ठेवण्यास तंत्रज्ञांना सांगावे. आधारवर्ष, म्हणजे पुढच्या वर्षांची तुलना ज्याच्याशी करायची ते वर्ष, निवडताना महासाथीमुळे परिसर बंद राहिलेले वर्ष घेऊ नये, आणि सोयीचे म्हणून सर्वाधिक उत्सर्जनाचे वर्षही घेऊ नये.

बांधकामाबाबत नियम सोपा आहे, तो पाळणे मात्र अवघड जाते: जी इमारत दुरुस्त होऊ शकते ती पाडू नये. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे, आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग भट्टीच्या इंधनातून नव्हे, तर चुनखडीच्या विघटनातून येतो. भट्टी स्वच्छ विजेवर चालवली तरी हा भाग टळत नाही. नवे बांधकाम अटळच असेल, तर क्लिंकरचे (चुनखडी भट्टीत भाजून बनणाऱ्या सिमेंटच्या मुख्य घटकाचे) प्रमाण कमी असलेले मिश्र सिमेंट निविदेतच नमूद करावे. कामांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी सावली, छताचे उष्णतारोधन, दारे-खिडक्यांतील फटी आणि वायुवीजन यांची कामे उरकावीत आणि नंतरच यंत्रांची क्षमता ठरवावी. हा क्रम उलटा झाला, तर गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतले जाते आणि ते कित्येक वर्षे कमी भारावर, कमी कार्यक्षमतेने चालत राहते.

ऊर्जेच्या बाबतीत परिसराला एकेकट्या घरापेक्षा मोठा फायदा मिळतो, कारण येथे अनेक इमारती एकाच व्यवस्थेला जोडता येतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१५ मध्ये नैसर्गिक वायूवर चालणारे, वीज आणि उष्णता एकत्र निर्माण करणारे सहनिर्मिती केंद्र बंद केले आणि इमारती थंड करताना बाहेर पडणारी उष्णता गोळा करून तीच दुसऱ्या इमारतींना पुरवणारी व्यवस्था सुरू केली. कॉर्नेल विद्यापीठ २००० पासून जवळच्या कायुगा सरोवराच्या खोल तळाशी असलेल्या थंड पाण्याच्या आधारे आपला परिसर थंड ठेवते, आणि त्याच व्यवस्थेतून इथाका शहरातील शाळेलाही शीतलता पुरवली जाते. प्रत्येक गावाजवळ सरोवर नसते, हे खरे; पण नळयोजना किंवा वीजवाहिनी आखतानाच शेजारची शाळा, दवाखाना किंवा वस्ती जोडता येईल का, हा प्रश्न कोठेही विचारता येतो. नंतर जोडणी करायची ठरल्यास खोदकामाचाच खर्च योजना बुडवतो. सौर विजेचेही असेच आहे. सुट्ट्यांत परिसराची मागणी घटते, पॅनेल मात्र चालूच राहतात. ही अतिरिक्त वीज शेजाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याची परवानगी व हिशेबाची पद्धत पॅनेल विकत घेण्यापूर्वीच ठरवावी.

शेजाऱ्यांना उद्घाटनाच्या दिवशी नव्हे, तर नकाशा कच्चा असतानाच बोलवावे. त्यांच्यापैकी काहींना निर्णय समितीवर मताधिकारासह स्थान द्यावे. नुसती सल्लागार समिती नेमली, तर लोक दुसऱ्या बैठकीपासून यायचे थांबतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. कोणत्या जागा, कोणत्या वेळी, किती शुल्कात खुल्या राहतील, वीज व स्वच्छतेचा खर्च कोण उचलेल, परीक्षांच्या काळात काय होईल, हे लेखी करारात यावे, अन्यथा नवे प्राचार्य आल्यावर फाटके पुन्हा बंद होतात. परिसराच्या हिरवळीसाठी उपसलेल्या भूजलामुळे आसपासच्या विहिरींची पातळी खालावत असेल, तर ती हिरवळ शेजाऱ्यांच्या पाण्यावर वाढलेली असते. म्हणून झाडांना शुद्ध केलेले सांडपाणी द्यावे आणि उपशाचे आकडे जाहीर करावेत. खाणावळीचा ओला कचरा बाहेरच्या कचराभूमीवर सडू दिल्यास त्यातून मिथेन निघतो. त्याऐवजी परिसरातच बायोगॅस संयंत्र चालवून उरलेली स्लरी शेतकऱ्यांना देता येते, मात्र प्लास्टिक वेगळे काढण्याची शिस्त रोज पाळली गेली तरच.

प्रवासासाठी नवीन पार्किंग बांधू नये. बसथांबा फाटकाशी आणावा आणि बसच्या वेळा परिवहन व्यवस्थेशी बोलून वर्गांच्या वेळांशी जुळवाव्यात, म्हणजे रात्रपाळीच्या कामगारांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांनाच ती बस मिळते.

कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे झालेल्या उत्सर्जन-कपातीचे प्रमाणपत्र, विकत घेऊन शून्य उत्सर्जनाची घोषणा करण्याची घाई टाळावी. तोच निधी देखभालीसाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल, कारण बंद पडलेले इन्व्हर्टर आणि धुळीने माखलेले पॅनेल अनेक परिसरांत दिसतात. देखभालीचे काम दूरच्या कंत्राटदाराकडे सोपवण्याऐवजी महाविद्यालयाच्या कार्यशाळेत स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे द्यावे, आणि कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी यंत्रे किती दिवस बंद राहिली याची नोंद समितीपुढे ठेवावी.