जुन्या कॉम्प्युटरसाठी पेनड्राइव्ह बूटेबल कसा करायचा आणि तरीही बूट झाला नाही तर काय बघायचं

जुना कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून सुरू होत नसला की बरेच जण तोच पेनड्राइव्ह परत परत फॉरमॅट करत बसतात, मग दुसरं सॉफ्टवेअर, मग तिसरं, आणि शेवटी मशीनच भंगारात काढायला निघतात. प्लीज तसं करू नका. पेनड्राइव्ह खराब आहे म्हणून बूट होत नाही असं फार कमी वेळा असतं, बहुतेक वेळा तो ज्या पद्धतीने बनवलाय ती पद्धत त्या मशीनला कळत नाही एवढंच असतं. म्हणून आधी मशीन ओळखा, पेनड्राइव्हला हात नंतर लावा.

पहिला प्रश्न, मशीन जुन्या बायोसचं आहे की यूईएफआयचं? (चालू होताच विंडोजच्याही आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम तो बायोस, आणि त्याचाच नवा अवतार यूईएफआय.) ढोबळ हिशोब असा की २०१२ ला विंडोज ८ आलं तेव्हापासूनच्या मशीनमध्ये बहुधा यूईएफआय असतं आणि त्याआधीच्या बहुतेकांत साधा बायोस, मधल्या एक-दोन वर्षांतल्या काही मशीनमध्ये दोन्ही सापडतं. त्याच्या सेटिंगची स्क्रीन निळी किंवा करडी आहे, माउस चालत नाही, सगळं ॲरो कीने करावं लागतं, तर बायोस समजून चाला. याने फरक काय पडतो तर बायोस फार साधं काम करतो, ड्राइव्हचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर मेमरीत घेतो आणि त्यातला कोड चालवतो, बस. त्या सेक्टरलाच एमबीआर म्हणतात. यूईएफआय मात्र फॅट३२ पार्टिशनमध्ये एक ठरावीक फाइल शोधतं. तर फक्त यूईएफआयसाठी बनवलेला पेनड्राइव्ह बायोसवाल्या मशीनला लावला की त्याला चालवण्यासारखं काही सापडतच नाही आणि काळ्या स्क्रीनवर कर्सर लुकलुकत राहतो.

दुसरा प्रश्न, प्रोसेसर ३२ बिट की ६४ बिट. इथे एक घोळ होतो, मशीनवर ३२ बिट विंडोज आहे म्हणजे प्रोसेसरही ३२ बिट असं नसतं, कोअर २ ड्युओ तर सगळे ६४ बिट आहेत पण त्यावर ३२ बिट विंडोज टाकलेल्या मशीन ढिगाने आहेत. प्रोसेसरचं नाव बघून नेटवर शोधा, किंवा लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये एलएससीपीयू कमांड दिली की लगेच कळतं. खरंच ३२ बिट निघाला तर पर्याय कमी होतात, लिनक्सपैकी डेबियन १२ चा ३२ बिट इन्स्टॉलर मिळतो पण डेबियन १३ पासून तो बंद झाला, अँटीएक्स आणि पपी लिनक्स या कामाला चांगले. आणि कोअर २ ड्युओवर विंडोज ११ टाकायचा विचार असेल तर सोडून द्या, रुफस या पेनड्राइव्ह बूटेबल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून टीपीएमची (सुरक्षेच्या चिपची) अट काढता येते पण २४एच२ व्हर्जनपासून प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी नावाची सूचना लागते आणि ती या प्रोसेसरमध्ये नाहीच, ती कुठल्याही सेटिंगने आणता येत नाही.

आता पेनड्राइव्ह. ८ जीबीचा पुरतो. उगाच २५६ जीबीचा घेऊ नका, काही जुन्या बायोसना १३७ जीबीच्या पुढचं वाचताच येत नाही. आतला डेटा सगळा जाणार आहे, आधी कॉपी करून घ्या. आयएसओ फाइल (म्हणजे विंडोज किंवा लिनक्सच्या इन्स्टॉल डिस्कची एका फाइलमधली प्रत) अधिकृत साइटवरूनच उतरवा आणि तिचा एसएचए२५६, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा, साइटवर दिलेल्या आकड्याशी जुळवून बघा, विंडोजमध्ये सर्टयूटिल कमांडने निघतो. अर्धवट उतरलेली आयएसओ इन्स्टॉल करताना मध्येच एरर देते आणि दोष मात्र पेनड्राइव्हवर जातो, त्यामुळे ही पाच मिनिटं वाचवू नका.

विंडोजवरून बनवत असाल तर माझं मत सरळ रुफस वापरा. नवीन रुफसला विंडोज ८ किंवा पुढचं लागतं, तुमच्याकडे विंडोज ७ च असेल तर ३.२२ व्हर्जन घ्या. उघडल्यावर वर डिव्हाइसमध्ये तुमचाच पेनड्राइव्ह आहे ना ते साइज बघून खात्री करा, दुसरी काही यूएसबी हार्डडिस्क लावलेली असेल तर ती काढूनच ठेवा. सिलेक्ट दाबून आयएसओ द्या. मग सगळ्यात महत्त्वाचं, पार्टिशन स्कीममध्ये एमबीआर निवडा, जीपीटी (नवी पद्धत) नाही, आणि टार्गेट सिस्टिममध्ये बायोस असलेला पर्याय आला पाहिजे. त्याखाली ॲडव्हान्स्ड ड्राइव्ह प्रॉपर्टीज उघडल्या की जुन्या बायोससाठीच्या दुरुस्त्या टाकणारा एक टिक बॉक्स दिसतो, पहिल्यांदा तो रिकामा ठेवा, बूट झालं नाही तर दुसऱ्या वेळी टिक करून बनवा. हा बॉक्स बऱ्याच जणांच्या नजरेतच येत नाही आणि हट्टी मशीन नेमक्या त्यानेच सुटतात.

फाइल सिस्टिमचं जुन्या मशीनवर उलट सोपं असतं. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि विंडोज १० च्या आयएसओमधली इन्स्टॉल फाइल बऱ्याचदा त्याच्यावर जाते, पण फॅट३२ चा आग्रह यूईएफआयचा असतो, बायोसला त्याचं काही घेणंदेणं नाही, तेव्हा एनटीएफएस ठेवा आणि पुढे चला. लिनक्सची आयएसओ असेल तर रुफस विचारतो आयएसओ मोड (फाइल कॉपी करून) की डीडी मोड (आयएसओ जशीच्या तशी ड्राइव्हवर लिहून), आधी आयएसओ मोड, नाही चाललं तर डीडी.

लिनक्सवरून बनवायचं तर डीडी कमांड आहेच, फक्त आउटपुटला अख्ख्या ड्राइव्हचं नाव द्यायचं, म्हणजे एसडीबी, एसडीबी१ नाही, आणि त्याआधी ड्राइव्हची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड चालवून कुठला ड्राइव्ह कुठला हे दोनदा बघायचं कारण डीडी काहीही विचारत नाही, चुकून हार्डडिस्कचं नाव दिलंत तर ती पुसून मोकळी होते. आणि विंडोजची आयएसओ डीडीने लिहून बूट होत नाही, लिनक्सच्या आयएसओ सीडी आणि पेनड्राइव्ह दोन्हीकडे चालतील अशाच बनवलेल्या असतात, विंडोजच्या नसतात.

कुठलंच सॉफ्टवेअर टाकायचं नसेल तर विंडोजमध्येच डिस्कपार्ट आहे. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि पेनड्राइव्हचा नंबर, क्लीन, क्रिएट पार्टिशन प्रायमरी, ॲक्टिव्ह, मग एनटीएफएसमध्ये क्विक फॉरमॅट आणि असाइन. ॲक्टिव्ह विसरलात तर बूट होणार नाही, कारण एमबीआरमधला कोड ॲक्टिव्ह खूण असलेलं पार्टिशनच शोधतो. मग आयएसओमधल्या सगळ्या फाइल कॉपी करा आणि तिच्या बूट फोल्डरमधला बूटसेक्ट प्रोग्रॅम एनटी६० पर्याय देऊन पेनड्राइव्हच्या अक्षरावर चालवा. आयएसओ ६४ बिट असेल तर तो प्रोग्रॅम ३२ बिट विंडोजवर चालत नाही, हे लक्षात ठेवा.

पेनड्राइव्ह तयार झाला, आता खरी कसोटी बायोसमध्ये. मशीन पूर्ण बंद करा, पेनड्राइव्ह लावा, मगच चालू करा. चालू असताना लावला तर बायोसच्या यादीत तो येतच नाही. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा, आणि निळा यूएसबी ३ चा पोर्ट असेल तर तो टाळून काळा वापरा, विंडोज ७ च्या इन्स्टॉलरमध्ये तर यूएसबी ३ चे ड्रायव्हरच नाहीत त्यामुळे सुरुवात होते आणि पुढे जाऊन अडकतं. बूट मेनूची की कंपनीगणिक वेगळी, एफ१२ सगळ्यात जास्त चालते, एचपीला एस्केप किंवा एफ९, एमएसआयला एफ११, आसुसच्या बोर्डला एफ८, एसरच्या लॅपटॉपमध्ये एफ१२ चा मेनू आधी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो.

मेनूत यूएसबी दिसत नाही म्हणून लगेच हार मानू नका. बरेच जुने बायोस पेनड्राइव्हला हार्डडिस्कच समजतात, त्यामुळे रिमूव्हेबलमध्ये न दिसता तो हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी नावाच्या वेगळ्या यादीत आत लपलेला असतो, तिथे जाऊन त्याला पहिल्या नंबरवर आणा. यूएसबी-एचडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एफडीडी असे तीन पर्याय दिसले तर यूएसबी-एचडीडी पहिला. लेगसी यूएसबी सपोर्ट बंद असेल तर चालू करा. आणि सेटिंग सेव्ह करूनही दर वेळी पुसली जात असेल, तारीखही मागे जात असेल, तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय, तो बदला.

काही मशीन इतक्या जुन्या की बायोसला यूएसबीवरून बूट करणं माहीतच नाही. त्यांच्यासाठी प्लॉप बूट मॅनेजर आहे, सीडीवर राइट करायचा, सीडीवरून मशीन चालू करायचं, आणि त्याच्या मेनूत यूएसबी निवडायचं, त्याचे स्वतःचे यूएसबी ड्रायव्हर असतात म्हणून बायोसची गरज लागत नाही. पोर्ट यूएसबी १.१ चा असेल तर स्पीड १२ मेगाबिटवर अडकतो, ४ जीबी वाचायला तासाच्या वर जाईल, मशीन हँग झालं समजून बंद करू नका.

विंडोज इन्स्टॉल करताना पहिला रीस्टार्ट झाला की पेनड्राइव्हवरून परत बूट होऊ देऊ नका, नाहीतर इन्स्टॉलेशन पहिल्यापासून सुरू होतं आणि लोकांना वाटतं काहीतरी बिघडलंय. बूट ऑर्डर कायमची बदलली असेल तर त्या वेळी पेनड्राइव्ह काढून घ्या. सगळं झाल्यावर पेनड्राइव्ह परत साध्या वापराला हवा असेल तर रुफसमध्ये बूट सिलेक्शनला नॉन बूटेबल निवडून स्टार्ट करा, डीडीने लिहिलेला ड्राइव्ह विंडोजमध्ये चुकीच्या साइजचा दिसतो तोही याने सरळ होतो.