वाळू, मीठ, नवसागर आणि माझे गेलेले तीन मार्क

गाळणं, बाष्पीभवन, संप्लवन (घन पदार्थ तापवला की पातळ न होता थेट वाफ होणं), ऊर्ध्वपातन या मिश्रण वेगळं करायच्या रीती तुम्हाला येतातच, म्हणून त्या पुन्हा सांगत बसत नाही. वेगळं केलेलं शुद्ध आहे का हे कसं बघायचं, ते सांगतो. मलाही यायचं. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलो आणि अकरावीला एकदम इंग्रजी आलं. ‘सब्लिमेशन’ म्हणजे आपलं संप्लवनच, हे कळायला दिवाळी उजाडली. पण मार्क भाषेनं घालवले नाहीत. ते गेले एका पांढऱ्या ढगापायी.

अकरावीच्या वार्षिक प्रॅक्टिकलला दुसऱ्या कॉलेजचे सर आले होते. मला पुडीत वाळू, मीठ आणि नवसागर यांचं मिश्रण आलं. मी मनात म्हटलं, सोपं आलं. चिनी मातीच्या बशीत मिश्रण घेतलं, वर नरसाळं पालथं घातलं, त्याच्या दांडीत कापूस कोंबला आणि खाली दिवा लावला. नरसाळ्याच्या आत नवसागराचा पांढरा थर धरला. उरलेलं पाण्यात ढवळून गाळलं, वाळू कागदावर राहिली, गाळलेलं पाणी आटवलं, मीठ मिळालं. तिन्ही पुड्या टेबलावर मांडल्या. आमच्याकडं खळ्यावर ज्वारी उपणून झाली की रास आणि भुसा वेगळा दिसतो ना, तसा माझा थाट.

सर म्हणाले, “हे मीठ शुद्ध आहे कशावरून?”

मी चिमूटभर मीठ पाण्यात विरघळवलं, विरल नायट्रिक आम्ल टाकलं, वर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. दह्यासारखा पांढरा साका आला. “क्लोराइड आहे सर, म्हणजे मीठ आहे.”

“आणि मी यात नवसागर टाकला असता तर काय आलं असतं?”

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. क्लोराइड दोघांतही आहे. मी गप्प. सरांनी त्याच मिठात सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण टाकून नळी जरा गरम करायला लावली आणि म्हणाले, “हातानं वारं घालून हुंग.” गोठ्यात सकाळी सकाळी येतो तसला वास! अमोनिया. माझ्या ‘शुद्ध’ मिठात नवसागर आरामात बसलेला होता. तीन मार्क गेले. मिश्रण वेगळं केल्याचे नव्हे, शुद्धतेचे.

आता हे नीट ऐका, कारण माझं घोडं इथंच अडलं होतं आणि आजही मी नव्या पोरांना इथंच अडकताना बघतो. शुद्धता तपासताना ‘मला हवं ते यात आहे का’ असं विचारून भागत नाही. ते असणारच, तुम्हीच तर काढलंय. विचारायचं ते ‘नको असलेलं यात राहिलं का’. चाचणी अशी निवडा, की नको असलेला पदार्थ तिला उत्तर देईल आणि हवा असलेला गप्प बसेल. मिठात नवसागर राहिला का बघायचाय, तर सोडियम हायड्रॉक्साइड टाकून गरम करा. मीठ काही बोलत नाही, नवसागर अमोनिया सोडतो. ओला लाल लिटमस निळा होतो. लिटमस नसेल तर हळदीचं पाणी लावलेला कागद ओला करून नळीच्या तोंडाशी धरा, तो तांबूस होतो. हळदीच्या वसमतकडच्या लेकरांना हळद कुठून आणायची हे मी सांगायला नको.

घरी सोडियम हायड्रॉक्साइड हाताळू नका. कातडी भाजते. घरी बघायचंच असेल तर तंबाखूच्या डबीतला चुना आणि थोडा नवसागर बशीत, किंचित पाणी टाकून घोटा. तोच वास येतो. पूर्वी गल्लीत कल्हईवाला यायचा तेव्हा भांड्यातून पांढरा धूर निघायचा, तो याच नवसागराचा. तापवला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात आणि थंड जागी परत एकत्र येऊन पांढरा थर बसतो.

आता उलटी बाजू. नवसागरात मीठ आलं का? सिल्व्हर नायट्रेट इथंही बिनकामाचं. चिमूटभर नवसागर बशीत जोरात तापवा. शुद्ध असेल तर सगळा उडून जाईल, बशी कोरी. मीठ वितळायलाच ८०१ अंश सेल्सिअस लागतात, ते तुमच्या दिव्यावर कुठं जातंय? खाली बसून राहील.

आणि वाळूत मीठ राहिलं का? इथं मात्र सिल्व्हर नायट्रेटसारखं दुसरं काही नाही, कारण वाळू त्याला काहीच उत्तर देत नाही. वाळू धुवायची, शेवटच्या धुण्याचे थेंब नळीत घ्यायचे आणि सिल्व्हर नायट्रेट टाकायचं. पाणी नितळ राहिलं की वाळू स्वच्छ. म्हणजे बाटली तीच. मिठाला विचारली तर फसवते आणि वाळूला विचारली तर खरं सांगते.

हे कळल्यावर मी शहाणा झालो असं वाटलं ना? नाही झालो. बारावीला मी वाळू अकरा वेळा धुतली आणि अकराव्या धुण्यातही पांढरा ढग! फिल्टर पेपर बदलला, नरसाळं बदललं. शेवटी लॅबमधले काका आले, नळाखाली एक रिकामी नळी धरली, त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं आणि ती माझ्या डोळ्यांसमोर धरली. ढग. “बोरचं पाणी हाय लेकरा,” एवढंच म्हणाले.

आपल्याकडच्या बोरच्या पाण्यात क्षार असतात, क्लोराइडही त्यातच, हे आपण रोज बघतो. हिटरच्या कॉइलवर थर, हंड्याच्या कडेला पांढरं वेटोळं. तरी प्रयोगशाळेत आपण तेच पाणी ‘शुद्ध’ धरून चालतो. जारचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड (वाफ करून परत थंड केलेलं) नव्हे, त्यातही थोडे क्षार राहतात. टँकरच्या पाण्याचं तर विचारूच नका. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. अशा मुलखात डिस्टिल्ड पाण्याची बाटली कपाटात कुलूप लावून ठेवतात याचं मला नवल वाटत नाही. पण मागा. नळ्या शेवटी त्याच पाण्यानं विसळा. आणि प्रत्येक चाचणीआधी एक कोरी नळी घ्या: नुसतं पाणी, त्यात तेच आम्ल, तेच थेंब. ती नितळ राहिली तरच पुढं जा. दोन मिनिटं लागतात. मला कुणी दोन वर्षं सांगितलं नव्हतं.

ते काका बारावी नापास होते. क्लासच्या सरांनी मला मॉडेल उत्तरं दिली, रेडिमेड जर्नल (आयती लिहिलेली प्रयोगवही) दिलं, काकांनी एक रिकामी नळी दाखवली. तुम्हाला गुरू निवडायचा असेल तर काचेला रोज हात लावणारा माणूस शोधा. रेडिमेड जर्नल उतरवून काढणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे, आणि मीही उतरवलंय, म्हणून जरा जास्तच वाईट आहे.

घाबरू नका मात्र. चूक कुठं झाली हे कळतं, कारण रसायनं खोटं बोलत नाहीत. माझ्या मिठात नवसागर राहिला तो घाईमुळं. वाळूच्या खालच्या थराला उष्णता पोचलीच नव्हती. मिश्रण पातळ पसरा, दिवा विझवून बशी थंड होऊ द्या, ढवळा, परत तापवा. नरसाळ्यावर नवा थर धरेनासा झाला की थांबा. मीठ आटवताना थोडं पाणी उरलं की आच काढा, नाहीतर तडतडून निम्मं मीठ टेबलावर. आणि द्रावण थंड करून मिठाचे स्फटिक मिळतील या आशेवर बसू नका. १०० ग्रॅम पाण्यात साध्या तापमानाला ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यात ३९. थंड करून हाती काय लागणार? बेंझॉइक आम्लाचं तसं नाही. ते गरम पाण्यात भरपूर, थंडात जेमतेम, म्हणून त्याचं स्फटिकीकरण होतं. त्याचा द्रवणांक, म्हणजे वितळायचं तापमान, १२२ अंश, पण स्फटिक ओले असतील तर आधीच, आणि रेंगाळत वितळतात. रात्रभर वाळू द्या.

सध्या मी छत्रपती संभाजीनगरला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. हसू येतं, पण इथंही रोज तेच: सिल्व्हर नायट्रेट आणि पांढरा ढग. फक्त इथं ढग आला की नाही हे बघत नाहीत. क्लोराइडचं ठरलेलं प्रमाण असलेल्या नळीशेजारी धरून, काळ्या पार्श्वभूमीवर, त्याच्यापेक्षा गडद आहे का ते बघतात. नव्या पोरांची बोटं पहिल्या आठवड्यात काळी पडतात. सिल्व्हर नायट्रेटचे डाग साबणानं जात नाहीत, कातडी झडली की जातात. हातमोजे घाला.

एक राहिलंच. पाणी शुद्ध आहे का बघायला उत्कलनांक घ्यायला सांगतील. थर्मामीटर ९८ वर थांबेल. मी पहिल्यांदा तो बिघडलाय समजून जर्नलमध्ये १०० लिहिलं होतं. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच आहे, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. गोदावरीकाठी नांदेडला ९९ च्या जवळ जाईल. तुम्हाला दिसलं ते लिहा, खाली गावाची उंची लिहा. बाहेरचे सर कोकणातले निघाले तर थोडा वाद होईल. होऊ द्या.