अर्धवट सोडता येईल असा व्यायाम, अर्धवट सोडता येईल असं पान

बाळ लहान असताना व्यायामाचं आणि आर्ट जर्नलचं (रंग, चिकटवलेले कागद आणि शब्द यांनी भरायच्या वहीचं) वेळापत्रक बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यात कोलमडतं. वेळ मिळतो, पण तुकड्यातुकड्यांनी, आणि हातातला तुकडा कधी संपेल याचा नेम नसतो. त्यामुळे सकाळी ६ ते ७ व्यायाम, रात्री ९ ते १० चित्रं, अशी आखणी करण्यात फारसा अर्थ नाही. त्यापेक्षा कुठलंही काम हाती घेण्याआधी एवढंच पाहा: आठव्या मिनिटाला टाकून उठावं लागलं, तर झालेलं वाया जाईल का? जाणार असेल तर काम तेच ठेवून त्याचा क्रम बदला. व्यायाम काय आणि रंगकाम काय, दोन्हींत हे जमतं.

शरीर तयार आहे का

प्रसूती सुरळीत झाली असेल तर सावकाश चालणं आणि पेल्विक फ्लोअरचे (ओटीपोटाच्या तळाशी आधार देणाऱ्या स्नायूंचे) व्यायाम, बरं वाटू लागलं की, पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतात. वजनं उचलण्याआधी मात्र सहा आठवड्यांच्या सुमारास होणारी तपासणी होऊ द्या. सिझेरियन झालं असेल तर जखम पाहून डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय वजनाला हात नको. पळणं आणि उड्या पहिल्या १२ आठवड्यांत टाळाव्यात. १२ आठवडे झाले म्हणजे लगेच पळायला लागायचं, असंही नाही. आधी ३० मिनिटं चालणं, एका पायावर १० सेकंद उभं राहणं, जागेवर एक मिनिट हलकं धावणं आणि प्रत्येक पायावर १० लंगड्या उड्या, हे सगळं न दुखता, लघवीचा थेंबही न गळता आणि योनीमार्गात जडपणा न जाणवता जमायला हवं. दुखणं, गळणं किंवा जडपणा यांपैकी काहीही होत असेल तर पळणं पुढे ढकला आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. कमी होत आलेला रक्तस्राव व्यायामानंतर पुन्हा वाढला, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा.

पेल्विक फ्लोअरचा व्यायाम असा करायचा: लघवी आणि वायू दोन्ही एकदम रोखतोय अशा रीतीने स्नायू आत आणि वर ओढायचे, ८ ते १० सेकंद धरायचे आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. असं ८ ते १२ वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला ३ सेकंदच जमले तरी चालतात. नेहमीच्या चुका दोन: श्वास रोखून धरणं आणि खालच्या स्नायूंऐवजी नितंब आवळणं. सैल सोडणं हाही अर्धा व्यायामच आहे, घाईत तोच राहून जातो. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र याचा सराव करू नका.

पोटाचे स्नायू मधोमध विलग झाले आहेत का, हेही घरीच पाहता येतं. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, बोटं बेंबीच्या वर आडवी ठेवा आणि डोकं किंचित उचला. मधल्या खाचेत दोनपेक्षा जास्त बोटं जात असतील तर तज्ज्ञाकडून तपासून घ्या. बोटांच्या हिशेबापेक्षाही एक खूण जास्त उपयोगाची आहे. व्यायाम करताना पोटाच्या मध्यरेषेवर उंचवटा उठत असेल, तर तो व्यायाम आत्ता तुमच्यासाठी जड आहे. क्रंचेस (पाठीवर झोपून खांदे उचलणं) आणि पूर्ण प्लँक (हात आणि पायांच्या बोटांवर शरीर सरळ तोलून धरणं) तूर्त बाजूला ठेवा. त्याऐवजी पाठीवर झोपून, श्वास सोडत एकेक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करा.

फेऱ्यांचा व्यायाम

जिममध्ये सहसा एका व्यायामाचे तीनही सेट (ठरलेल्या संख्येची सलग आवर्तनं) संपवून मग पुढचा घेतात. आईला ही पद्धत सोयीची नाही. आठव्या मिनिटाला उठावं लागलं तर पायांचा व्यायाम भरपूर झालेला असतो आणि पाठीला हातही लागलेला नसतो. म्हणून सेट न करता फेऱ्या करा: चार व्यायाम एकामागून एक, प्रत्येकाचा एकच सेट, की एक फेरी झाली. एका फेरीला साधारण ६ ते ७ मिनिटं लागतात. एकच फेरी झाली तरी सगळ्या शरीराला काम मिळतं. तीन झाल्या तर पूर्ण व्यायाम झाला, म्हणजे सुमारे २० मिनिटं.

चार-चार व्यायामांचे असे दोन संच पुरतात. पहिल्या संचात छातीशी डंबेल (हातात धरायचं वजन) धरून १० स्क्वॉट (खुर्चीत बसल्यासारखं खाली जाऊन उठणं), टेबलाच्या भक्कम कडेवर हात टेकून ८ पुशअप, एका हाताने डंबेल रो (पुढे झुकून वजन कमरेकडे ओढणं) प्रत्येक बाजूला १०, आणि पाठीवर झोपून कंबर उचलण्याचा ब्रिज १२ वेळा. दुसऱ्यात गुडघे किंचित वाकवून, कमरेतून झुकून केलेली डेडलिफ्ट १०, खांद्यावरून डोक्यावर डंबेल प्रेस ८, पायरीवर चढ-उतार प्रत्येक पायाने ८, आणि एकाच हातात वजन धरून सरळ चालणं, प्रत्येक बाजूला ३० सेकंद. हा शेवटचा प्रकार वगळू नका. मूल कडेवर घेताना शरीर नेहमी एकाच बाजूला कलतं, आणि कमरेच्या बाजूचे स्नायू त्याविरुद्ध काम करायला इथे शिकतात. जोर लावताना श्वास सोडा. श्वास कोंडून वजन उचललं की पोटातला दाब खाली पेल्विक फ्लोअरवर येतो.

संचांना वार चिकटवू नका. आज पहिला झाला असेल तर पुढच्या खेपेला दुसरा, मग ती खेप उद्या येवो नाहीतर चार दिवसांनी. सोमवारचा व्यायाम चुकला की सोमवारच बुडाला असं वाटतं. पाळीच नुसती पुढे सरकली तर बुडत काहीच नाही. आठवड्यात तीन खेपा उत्तम, दोन पुरेशा.

वजन असं निवडा की सेट संपताना अजून दोन वेळा जमलं असतं असं वाटेल. तीनही फेऱ्यांत ठरलेली संख्या सलग दोन खेपा जमली की प्रत्येक व्यायामात २ आवर्तनं वाढवा. ती जमली की वजन १ ते २ किलोने वाढवून संख्या पुन्हा खाली आणा. रात्री सलग चार तासही झोप मिळाली नसेल त्या दिवशी वजन एक पायरी कमी घ्या आणि एकच फेरी करा. झोप तुटलेली असताना तोल आणि लक्ष दोन्ही उणे असतात. अशा दिवशी जोर लावून काही कमावता येत नाही, पाठ मात्र धरू शकते.

बाकीची भर चालण्याने घाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रसूतीनंतरच्या महिलांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवतात. व्यायाम सलग १० मिनिटं तरी झाला पाहिजे, तरच तो धरायचा, ही जुनी अट त्यांत काढून टाकली आहे. त्यामुळे बाबागाडी ढकलत केलेली ७ मिनिटंही हिशेबात येतात. चालताना दोन वाक्यं बोलता यावीत, गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग ठेवा.

अंगावर पाजत असाल तर व्यायामाआधी पाजून घ्या. भरलेल्या छातीने उड्या तर सोडाच, पुशअपही नकोसा होतो. मध्यम व्यायामाने दूध कमी होत नाही, पण पाणी आणि खाणं कमी पडू देऊ नका.

मूल रांगायला लागेपर्यंत ते जागं असतानाच व्यायाम उरका. ते शेजारी चटईवर पडून बघत राहतं आणि त्याची झोपेची वेळ तुमच्या झोपेला किंवा जर्नलला उरते. रांगायला लागल्यावर हे उलटं करा. जमिनीवरचं डंबेल आणि कुतूहलाने पुढे आलेली बोटं एका खोलीत नकोत. वजनं मूल झोपल्यावर किंवा दुसरं कुणी त्याच्याकडे बघत असताना घ्या. ते जागं असताना चालणं आणि बिनवजनाचे व्यायाम करा.

अंगठ्याकडे लक्ष

व्यायाम आणि चित्रं दोन्ही बंद पाडणारं दुखणं बहुधा मनगटात, अंगठ्याच्या बाजूला सुरू होतं. बाळाला काखेत धरून उचलताना अंगठे ताणून बाहेर काढायची सवय लागते आणि अंगठ्याच्या मुळाजवळचे स्नायूबंध सुजतात. अंगठा मुठीत घ्या आणि मूठ करंगळीकडे झुकवा. कळ आली तर उचलण्याची पद्धत बदला: अंगठे इतर बोटांना चिकटलेले, एक हात मानेखाली, दुसरा बाळाच्या बुडाखाली, दोन्ही तळवे वर. पुशअप मनगट न दुमडता, डंबेलच्या मुठी धरून किंवा वळलेल्या मुठींवर करा. चित्रासाठी बारीक पेनाऐवजी जाड दांड्याचा ब्रश किंवा मार्कर घ्या आणि रेघ बोटांनी न काढता कोपरापासून ओढा. दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर दाखवून घ्या.

एका पानाचे तीन थर

वही ए५ आकाराची आणि निदान २०० जीएसएम (आकडा मोठा तितका कागद जाड) मिक्स्ड मीडिया, म्हणजे रंग, गोंद आणि शाई सगळं पेलणाऱ्या, कागदाची घ्या. पातळ कागदाची वही आधीच घरात असेल तर दोन-दोन पानं एकमेकांना चिकटवून त्यावर जेसोचा (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या लेपाचा) पातळ हात द्या. कोलाज (कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र) भरत गेलं की वही फुगून उघडीच राहते, म्हणून सुरुवातीलाच दर तिसरं-चौथं पान कापून टाका. कापताना शिवणीपाशी १ सेंमी पट्टी शिल्लक ठेवा. मुळापासून फाडलं तर त्याच शिवणीतलं जोडीचं पान सुटून येतं.

एका बैठकीत पूर्ण पान करायचा हट्ट सोडा. पानाचे तीन थर असतात आणि प्रत्येकाला ५ ते १० मिनिटं पुरतात.

पहिला थर रंगाचा. ॲक्रिलिकचे दोन थेंब, प्रत्येकी वाटाण्याएवढे, आणि जोडीला थोडा पांढरा. ते जुन्या प्लॅस्टिक कार्डाने पानभर ओढा. ब्रश धुवायचा राहून कडक होण्याचा धोका कार्डाला नसतो, अचानक उठावं लागलं तरी फिकीर नाही. रंग शेजारचे घ्या: निळा-हिरवा, पिवळा-केशरी. लाल-हिरवा किंवा निळा-केशरी ओले असतानाच एकत्र आले की मातकट करडा चिखल होतो. पातळ थर २० ते ३० मिनिटांत वाळतो, म्हणजे तीन फेऱ्या व्हायला जेवढा वेळ लागतो साधारण तेवढ्यातच. आधी पानाला रंग ओढा, मग व्यायाम करा, घाम पुसून हात धुवून परत या.

दुसरा थर कोलाजचा. कागद आधीच फाडून एका पाकिटात भरून ठेवा. निवडण्यातच दहा मिनिटं गेली तर चिकटवायला काही उरत नाही. कागदाला सुरकुत्या पडतात त्या पांढऱ्या गोंदातल्या पाण्यामुळे: पातळ कागद फुगतो, खालचा जाड कागद तेवढा फुगत नाही. पातळ कागदाला ग्लू स्टिक वापरा. पांढरा गोंद वापरायचाच तर अगदी पातळ, आणि तो खालच्या पानाला लावा. मधून कडांकडे दाबत जा, दोन्ही बाजूंना बटर पेपर घाला आणि रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवा.

तिसरा थर रेघांचा आणि शब्दांचा. ॲक्रिलिकवर लिहायचं तर रात्र जाऊ द्या. वरून कोरड्या वाटणाऱ्या रंगाने पेनाचं टोक बुजतं. पाण्याने न पसरणारी पिगमेंट शाई घ्या. ऑइल पेस्टल किंवा मेणावर पेन चालवू नका, टोक तिथेच बसतं.

एका वेळी तीन पानं वेगवेगळ्या थरांवर असू द्या. मग तीन मिनिटं मिळाली तर लिहिता येतं, दहा मिळाली तर चिकटवता येतं, आणि व्यायामाआधी नवा रंग ओढता येतो. त्या तुकड्यात काय करायचं याचा विचारही करावा लागत नाही. ॲक्रिलिकची पानं पूर्ण वाळल्यावरही दाबाखाली एकमेकांना चिकटतात, म्हणून वही मिटताना मध्ये बटर पेपर ठेवाच.

डबा आणि कुलूप

सगळं सामान एका झाकणाच्या डब्यात मावलं पाहिजे: वही, सहा रंग, एक ब्रश, कार्ड, ग्लू स्टिक, दोन पेनं, पाकीट. न मावणारं सामान बाहेर काढण्यातच तुमचा तुकडा संपतो. डबा मुलाच्या हाताला न लागेल अशा उंचीवर ठेवा. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जाईल अशी कुठलीही वस्तू, म्हणजे मणी, टिकल्या, पेनाची टोपणं, तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. मूल असलेल्या घरात कॅडमियम किंवा कोबाल्ट असलेले रंग आणि स्प्रे फिक्सेटिव्ह (चित्र पुसू नये म्हणून फवारायचा द्रव) टाळलेले बरे. ब्रशचं पाणी उघड्या कपात न ठेवता झाकणाच्या बाटलीत ठेवा. दीड-दोन वर्षांच्या मुलाला तुमच्या वहीपासून लांब ठेवायचा सोपा उपाय म्हणजे त्याला स्वतःची जाड कागदाची वही आणि बिनविषारी, धुतल्यावर निघणारे जाड खडू देणं.

व्यायामाची नोंद याच वहीच्या शेवटच्या पानांवर करा. तारीख, संच, किती फेऱ्या, सर्वांत जड वजन आणि रात्रीची झोप किती तास, एवढ्या पाच गोष्टी एका ओळीत. महिन्याभराने त्या ओळींवर नजर फिरवली की कमी झोपेच्या रात्रींनंतरच्या फेऱ्या वेगळ्या ओळखू येतात. वजन वाढवायचं की नाही हे ठरवताना त्या ओळी सोडून बाकीच्याच धरा.