ग्रीस फियोर्ड ते रेझोल्यूट: हवाई अंतर काढताना या चुका टाळा

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात 25 गावं आहेत आणि त्यांना जोडणारा एकही रस्ता नाही. ग्रीस फियोर्ड हे त्यातलं सगळ्यात उत्तरेकडचं गाव. तिथून रेझोल्यूट गावाचं सरळ हवाई अंतर सुमारे 383 किलोमीटर. हा साधा आकडा काढताना लोक हमखास चुकतात.

सगळ्यात मोठी चूक आपल्या सवयीतून होते. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण 105 किलोमीटरचा. पण ध्रुवाकडे जाताना रेखांश एकमेकांजवळ येतात आणि या गावांपाशी तोच अंश जेमतेम 28 किलोमीटर उरतो. दोन्ही गावांच्या रेखांशात सुमारे 12 अंशांचा फरक आहे. प्रत्येक अंश 111 किलोमीटरचा धरला, तर उत्तर येतं 1,300 च्या पुढे! भिंतीवरच्या नेहमीच्या सपाट मर्केटर नकाशावर पट्टी लावलीत तरी हेच होणार, कारण तिथे हा भाग चौपट ताणलेला असतो. त्या नकाशावर ही गावं मुंबई-दिल्लीपेक्षा लांब दिसतात. प्रत्यक्षात हे अंतर मुंबई-नागपूरच्या निम्म्याहून थोडंच जास्त आहे. तेव्हा पट्टी बाजूला ठेवा आणि पृथ्वीचा गोल धरून अंतर देणारं सूत्र किंवा गणकयंत्र वापरा.

दुसरी चूक बारीक, पण फसवी. रेझोल्यूटचा अक्षांश 74 अंश 42 मिनिटं. तो 74.42 असा लिहू नका. 42 ला 60 ने भागून 74.70 लिहा. नाहीतर गाव 31 किलोमीटर दक्षिणेला, थेट बॅरो सामुद्रधुनीत जाऊन पडतं. गंमत म्हणजे दोन्ही गावांच्या बाबतीत हीच चूक केली, तर चुका एकमेकींना बऱ्याच खाऊन टाकतात आणि उत्तर बरोबर वाटतं. म्हणून आधी दोन्ही बिंदू नकाशावर टाकून बघाच.

उत्तर 207 आलं, तर घाबरू नका. ते सागरी मैल आहेत, 1.852 ने गुणा.

नावंही नीट वाचा. तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे इनुइट लोकांच्या भाषेत ग्रीस फियोर्ड म्हणजे औसुइट्टुक, बर्फ कधी न वितळणारी जागा. रेझोल्यूट म्हणजे कौसुइट्टुक, पहाट न होणारी जागा. एका अक्षराचा फरक.

आणि सरळ अंतर म्हणजे प्रवासाचं अंतर नव्हे. राजधानी इकालुइटहून ग्रीस फियोर्ड सरळ रेषेत सुमारे 1,500 किलोमीटर. रेझोल्यूटमार्गे गेलात, तर जवळपास 1,950. त्यात ग्रीस फियोर्डची डोंगरांच्या कुशीतली खडीची आखूड धावपट्टी. वारा किंवा धुकं असेल, तर विमान उतरत नाही आणि माणसं रेझोल्यूटला थांबून राहतात. 1953 मध्ये सरकारने क्वेबेक प्रांतातल्या इनुकजुआक गावच्या इनुइट कुटुंबांना जवळपास 2,000 किलोमीटर उत्तरेला आणून या दोन गावांत वसवलं. त्याबद्दल अधिकृत माफी मागितली गेली ती 2010 मध्ये. नातेवाईक दोन्ही गावांत विखुरलेले, त्यामुळे मयतीला वेळेवर पोहोचता येईल का, हेही त्या 383 किलोमीटरच्या हवामानावर ठरतं.